फोन लागतो, पण आवाज येत नाही : घरातल्या इंटरनेट टेबलफोनची तपासणी



"तुम्ही इतकी वर्षे टेलिफोन खात्यात काढलीत, मुलांना उपयोगी पडेल असे काही लिहून द्या," असा निरोप शाळेतून आला. मी तारा, खांब आणि एक्स्चेंज यांतला माणूस. पण आता आपल्या वडोदऱ्यातल्या कितीतरी घरांत जुन्या फोनऐवजी इंटरनेटवर चालणारा टेबलफोन आला आहे. २०२० मध्ये घरी बसून काम करण्याची वेळ आली तेव्हा अनेक कंपन्यांनी असे फोन कर्मचाऱ्यांच्या घरी पाठवले, आणि ते तिथेच राहिले. दिसायला हा फोन जुन्यासारखाच असतो, मात्र तो बिघडतो निराळ्या कारणांनी. म्हणून हा पाठ त्याच्यावर.

एक प्रसंग

२०२२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी थोरली बहीण, आमची अक्का, आमच्याकडेच राहते. मोबाईल तिला जमत नाही. सुनेच्या कंपनीने दिलेला टेबलफोन मात्र तिला आपला वाटतो, कारण त्याला चोगा आहे आणि मोठी बटणे आहेत. एका सकाळी घरात कोणी नसताना तिला घेरी आली. तिने फोन उचलून सुनेच्या नावाचे बटण दाबले.

सुनेने फोन घेतला. अक्काचा आवाज तिला स्वच्छ ऐकू येत होता : "हॅलो, हॅलो, अगं कुणी आहे का तिकडे?" सून ओरडून सांगत होती, "अक्का, मी ऐकतेय, बोला!" पण अक्काला काहीच ऐकू येईना. अर्ध्या मिनिटाने फोन आपोआप बंद झाला. अक्काने पुन्हा लावला, पुन्हा तेच झाले. तिसऱ्यांदा तिने लावलाच नाही. "कुणी घेतच नाही" असे समजून ती भिंतीला टेकून बसून राहिली. सुनेने शेजारच्या काकूंना मोबाईलवर कळवले, काकू धावत आल्या, साखरपाणी दिले आणि प्रसंग टळला.

त्या दिवशी फोन बंद नव्हता. पडद्यावर सगळे ठीक दिसत होते, घंटा वाजत होती, फोन लागतही होता. दोष आत कुठेतरी होता. तो कसा शोधायचा ते आता क्रमाने पाहू.

जुना फोन आणि नवा फोन

जुन्या फोनला एक्स्चेंजपासून घरापर्यंत तांब्याच्या तारांची जोडी असे. एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांतून त्याच तारांवर वीज येई. म्हणून घरातली वीज गेली तरी फोन चालू राही. बोलणे चालू असेपर्यंत ती वाट तुमच्या एकट्यासाठी राखलेली असे.

इंटरनेट फोनमध्ये अशी राखीव वाट नाही. तुमचा आवाज अंकांत बदलून त्याची लहान लहान पाकिटे केली जातात आणि बाकीच्या इंटरनेटच्या गर्दीतूनच ती धावतात. फोन लावणे, घंटा वाजवणे, फोन ठेवणे या निरोपांसाठी जी भाषा वापरतात तिचे नाव एसआयपी. ती १९९९ मध्ये प्रथम ठरली आणि जून २००२ मध्ये तिला सध्याचे रूप मिळाले. योगायोग असा की आपल्या देशात इंटरनेटवरून बोलण्यास मर्यादित परवानगी मिळाली तीही १ एप्रिल २००२ पासून. आवाजाची पाकिटे मात्र एसआयपीने जात नाहीत. त्यांच्यासाठी आरटीपी नावाची वेगळी पद्धत आहे.

हा फरक नीट लक्षात ठेवा. निरोपाची वाट वेगळी, आवाजाची वाट वेगळी. म्हणूनच घंटा वाजूनही आवाज न येणे शक्य असते.

तपासणीचा क्रम

आमच्या खात्यात एक शिस्त होती : दोष शोधताना जवळून सुरुवात करायची, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि काय बदलले ते वहीत लिहायचे. इथेही तेच करू.

पायरी १ : वीज आणि तारा. फोनचा पडदा उजळतो का ते पाहा. फोनला मागे बहुधा नेटवर्कची दोन भोके असतात. एकावर लॅन किंवा इंटरनेट असे लिहिलेले असते, दुसऱ्यावर पीसी. राउटरकडून आलेली केबल पहिल्यात हवी. दुसरे भोक संगणक पुढे जोडण्यासाठी आहे. काही फोन नेटवर्कच्या केबलमधूनच वीज घेतात. या पद्धतीचा नियम २००३ मध्ये ठरला आणि तिथेही वीज साधारण ४८ व्होल्टचीच असते. कार्यालयातल्या स्विचमधून ती मिळते, घरातल्या साध्या राउटरमधून सहसा मिळत नाही. म्हणून कार्यालयात चालणारा फोन घरी आणल्यावर 'मेला' असे वाटते. त्याला वेगळा अडॅप्टर लागतो.

चोग्याची गुंडाळीची तारही पाहा. चोग्याचे आणि हेडफोनचे भोक एकसारखेच दिसते. तार चुकीच्या भोकात गेली तर ना बोलणे जाते ना ऐकू येते. स्पीकरचे बटण दाबून पाहावे. स्पीकरवर सगळे ठीक असेल तर दोष चोग्यात किंवा त्याच्या तारेत आहे.

पायरी २ : घरातला पत्ता. फोनच्या मेनूमध्ये स्टेटस नावाच्या जागी आयपी पत्ता दिसतो. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता वाटतो. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. पत्त्याच्या जागी नुसती शून्ये असतील किंवा तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर फोनला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही असे समजावे. केबल बदलून पाहावी, राउटरचे दुसरे भोक वापरून पाहावे. कार्यालयातून आलेल्या फोनमध्ये आणखी एक अडचण असते. तिथे फोनसाठी नेटवर्कचा वेगळा कप्पा केलेला असतो, त्याला व्हीलॅन म्हणतात. त्या कप्प्याचा क्रमांक फोनमध्ये तसाच राहिला तर घरातल्या राउटरला त्याची पाकिटे कळत नाहीत. कंपनीच्या माणसाला विचारून ती सोय बंद करावी लागते.

पायरी ३ : नोंदणी. पत्ता मिळाल्यावर फोन आपल्या सेवेच्या सर्व्हरकडे हजेरी लावतो : "मी अमुक क्रमांक, सध्या या पत्त्यावर आहे." ही हजेरी ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा लावावी लागते. ती लागली नाही तर सर्व्हर कोणत्या आकड्याने उत्तर देतो ते पाहा. आकडे शाळेच्या शेऱ्यांसारखे असतात :

४०१ – ओळख पटवून द्या. हा शेरा पहिल्यांदा येणे अगदी नेहमीचे आहे. पुन्हा पुन्हा आला तर नाव किंवा पासवर्ड चुकला आहे.
४०३ – परवानगी नाही.
४०४ – असा क्रमांक इथे नाही.
४०८ – वेळेत उत्तरच आले नाही. म्हणजे निरोप वाटेत अडकतो आहे.
४८६ – समोरचा फोन गुंतलेला आहे.
५०३ – सेवा सध्या उपलब्ध नाही. इथे तुमच्या घरात दोष शोधण्यात अर्थ नाही.

फोनवरचे घड्याळ भलतीच तारीख दाखवत असेल तर तीही दुरुस्त करावी. निरोप कुलूपबंद करून पाठवणाऱ्या फोनमध्ये तारीख चुकली की समोरच्या सर्व्हरच्या ओळखपत्राची मुदत जुळत नाही आणि नोंदणी होत नाही.

पायरी ४ : आवाज. नोंदणी आहे, फोन लागतो, पण आवाजात दोष आहे. आमच्या घरी हेच झाले होते. ते समजण्यासाठी राउटरचे काम समजले पाहिजे.

वाड्याचा दरवान

आपल्या जुन्या वाड्याची कल्पना करा. बाहेर रस्त्यावर पाटी एकच, आत बिऱ्हाडे दहा. दिंडीवर एक दरवान बसला आहे. माडीवरच्या बिऱ्हाडाने पत्र पाठवले की दरवान पाकिटावर वाड्याचा पत्ता घालतो आणि 'हे पत्र माडीवरचे' अशी नोंद वहीत करतो. उत्तर आले की वही पाहून ते माडीवर पोहोचवतो. घरातला राउटर नेमके हेच करतो. बाहेरच्या जगाला फक्त एक पत्ता दिसतो.

आता अडचण पाहा. फोन लावताना टेबलफोन निरोपाच्या आत लिहितो : "माझ्याशी बोलायचे तर आवाज या पत्त्यावर पाठवा," आणि स्वतःचा घरातला १९२.१६८ चा पत्ता देतो. तो पत्ता वाड्याच्या बाहेर कुणालाच माहीत नाही. पाकिटावरचा पत्ता दरवानाने बदलला, पण आतल्या मजकुरातला तसाच राहिला. परिणाम काय? घरातून गेलेला आवाज समोरच्याला पोहोचतो, समोरचा आवाज मात्र घरी येत नाही. अक्काचे ऐकू जात होते आणि तिला ऐकू येत नव्हते, ते यामुळे.

बहुतेक फोन-सेवांचे सर्व्हर ही गोष्ट ओळखून आपणच दुरुस्त करून घेतात. म्हणजे पाकिटे खरोखर जिथून येतात तिथेच आवाज परत पाठवतात. घोटाळा होतो तो दरवान फार उत्साही असेल तर. कित्येक राउटरमध्ये एसआयपी एएलजी नावाची एक सोय असते. ती पत्र उघडून आतले पत्तेही 'दुरुस्त' करते. कल्पना चांगली, पण पुष्कळ राउटरमध्ये ती अर्धवट बसवलेली असते. एक पत्ता बदलते, दुसरा सोडते. मग सर्व्हरलाही नीट अंदाज येत नाही.

३२ सेकंदांचे कोडे

अक्काचे दोन्ही फोन अर्ध्या मिनिटाने तुटले होते. सुनेच्या मोबाईलवरची नोंद पाहिली, तर दोन्ही संभाषणे जवळजवळ सारख्याच लांबीची होती. खरा धागा इथे सापडला.

समोरच्याने फोन उचलला की सर्व्हर कळवतो, "उचलला." त्यावर आपल्या फोनने "समजले" असे उत्तर द्यायचे असते. ते पोहोचले नाही तर सर्व्हर "उचलला, उचलला" असे पुन्हा पुन्हा सांगत राहतो आणि शेवटी कंटाळून संभाषण बंद करतो. किती वेळाने? नियमात मूळ मुदत अर्ध्या सेकंदाची, आणि थांबायचे तिच्या ६४ पट. ६४ × ०.५ = ३२ सेकंद. म्हणून दर वेळी सुमारे ३२ सेकंदांनी फोन तुटत असेल तर दोष निरोपाच्या वाटेत आहे, हे घड्याळावरूनच ओळखता येते. नेमका १५ किंवा ३० मिनिटांनी तुटत असेल तर 'अजून बोलणे चालू आहे ना?' या अधूनमधून होणाऱ्या विचारणेत अडचण असू शकते.

मी मात्र आधी चुकलो. जुन्या सवयीने दोन दिवस चोगा आणि तारा बदलत बसलो. मग सुनेने विचारले, "बाबा, गेल्या आठवड्यात नवा राउटर बसवला, त्याचा संबंध असेल का?" शेवटचा बदल काय झाला, हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारायला हवा होता. राउटरच्या पानावर, फायरवॉलच्या भागात, एसआयपी एएलजी चालू होते. ते बंद केले, राउटर आणि फोन दोन्ही बंद करून पुन्हा चालू केले, आणि तीन वेळा एकेक मिनिटाहून जास्त बोलून पाहिले. तिन्ही वेळा आवाज दोन्ही बाजूंनी आला, फोन तुटला नाही. चौथा फोन अक्काने स्वतः लावला.

काही राउटरमध्ये ही सोय बंद करण्याचे बटणच दिसत नाही. तिथे इंटरनेट देणाऱ्याला सांगावे. नाहीतर सेवेची तयारी असेल तर निरोप कुलूपबंद पद्धतीने पाठवावेत. साधे निरोप ५०६० या पोर्टवरून जातात, कुलूपबंद ५०६१ वरून. लाखबंद पाकीट दरवानाला उघडता येत नाही, मग त्यात बदल करण्याचा प्रश्नच उरत नाही.

आणखी तीन नेहमीचे दोष

*बाहेर फोन लागतो, पण आलेला फोन वाजत नाही.* दरवानाची वही छोटी असते. थोडा वेळ पत्रव्यवहार झाला नाही की तो नोंद खोडून टाकतो, कधी अर्ध्या मिनिटातच. मग आलेला निरोप दिंडीवरूनच परत जातो. फोनमध्ये कीप अलाइव्ह नावाची सोय असते. तिने दर २०-३० सेकंदांनी एक लहान निरोप बाहेर जातो आणि नोंद जिवंत राहते.

*घरात दोन राउटर.* इंटरनेट देणाऱ्याची एक पेटी, तिच्यामागे आपण विकत घेतलेला दुसरा राउटर. म्हणजे एका वाड्यात दोन दरवान. तपासण्यासाठी फोन थेट पहिल्या पेटीला जोडून पाहावा.

*आवाज तुटक येतो.* इथे थोडे गणित करू. जी.७११ या नेहमीच्या पद्धतीत एका सेकंदाची ५० पाकिटे होतात, म्हणजे प्रत्येकात २० मिलिसेकंदांचा आवाज. एका पाकिटात आवाजाचे १६० बाइट आणि पत्त्यांचे ४० बाइट, एकूण २००. मग २०० × ५० × ८ = ८०,००० बिट, म्हणजे सेकंदाला ८० किलोबिट. केबलवरचे वेष्टन धरले तर सुमारे ८७. आजच्या इंटरनेटपुढे हे काहीच नाही. मग आवाज का तुटतो? कारण फोनला वेगापेक्षा नियमितपणा जास्त लागतो. कुणी मोठी फाइल किंवा व्हिडिओ वर चढवू लागला की आवाजाची पाकिटे रांगेत अडकतात आणि मागेपुढे पोहोचतात. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलणे सहज होते. त्याहून फार वाढला की दोघे एकदम बोलू लागतात. फोन वाय-फायऐवजी केबलने जोडावा आणि राउटरमध्ये सोय असेल तर फोनच्या पाकिटांना अग्रक्रम द्यावा.

हे करू नये

घाईने राउटरची सगळी दारे फोनसाठी उघडू नयेत. इंटरनेटवर उघडे ५०६० पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम सतत चालू असतात. रात्री अपरात्री १०० किंवा १००० अशा विचित्र क्रमांकावरून घंटा वाजते आणि उचलल्यावर कुणीच नसते, ते बहुधा यामुळेच. पासवर्ड सोपा असेल तर तुमच्या खात्यावरून परदेशी फोन करून बिलही चढवले जाते. फोनचा आणि राउटरचा मूळचा पासवर्ड बदलावा. आणि कंपनीचा फोन 'फॅक्टरी रीसेट' करण्याआधी त्यांना विचारावे, नाहीतर सर्व मांडणी पुसली जाईल.

सर्वांत महत्त्वाचे

वीज गेली की राउटर बंद आणि राउटर बंद की फोन बंद. जुन्या फोनसारखी एक्स्चेंजची बॅटरी इथे मदतीला येत नाही. घरात वृद्ध माणसे असतील तर इंटरनेटची पेटी, राउटर आणि फोन या तिघांनाही छोट्या यूपीएसवर ठेवावे. आणीबाणीचा ११२ क्रमांक कंपनीच्या इंटरनेट फोनवरून लागेलच असे गृहीत धरू नये, कारण तिचा सर्व्हर दुसऱ्या शहरातही असू शकतो आणि तुमचे ठिकाण चुकीचे कळू शकते. एक साधा बटणांचा मोबाईल चार्ज करून घरातल्या ठरलेल्या जागी ठेवावा. आमच्याकडे तो आता देवघराजवळच्या कोनाड्यात असतो. दर रविवारी अक्का दोन्ही फोनवरून सुनेला एकेक फोन लावते आणि मिनिटभर बोलते. ही आमची साप्ताहिक तपासणी.

आणि एक विनंती. घरातले वडील माणूस "फोन लागत नाही" म्हणाले तर "तुम्हाला जमत नाही" असे उत्तर देऊ नका. अक्काने सगळे बरोबर केले होते. चूक यंत्रात होती.

स्वाध्याय

१. जी.७२९ पद्धतीत २० मिलिसेकंदांच्या आवाजाचे फक्त २० बाइट होतात. पत्त्यांचे ४० बाइट तेवढेच. सेकंदाला किती किलोबिट लागतील? (केबलवरचे वेष्टन धरू नका.)

२. एका घरातून फोन बाहेर लागतो, आवाज दोन्ही बाजूंनी ठीक आहे, पण दुपारी आलेले फोन वाजत नाहीत. कोणता दोष असावा? उपाय लिहा.

३. घरातल्या मोठ्या माणसांबरोबर बसून तुमचा फोन, राउटर आणि इंटरनेटची पेटी कुठे आहेत, त्यांना वीज कुठून येते, याची आकृती काढा. वीज गेली तर काय चालू राहील ते वेगळ्या रंगाने दाखवा.

४. घरातल्या आजी-आजोबांना चालू फोनवरून एक फोन स्वतः लावायला सांगा. त्यांना काय ऐकू आले आणि समोरच्याला काय ऐकू आले, हे दोन्ही वहीत लिहा.

(पहिल्याचे उत्तर : ६० × ५० × ८ = २४,००० बिट, म्हणजे २४ किलोबिट.)